शिट्टी कोठून येते?

शिक्षकाने स्मरणिकेत लिहावयाचे तर शाळेची इमारत, निकालाची टक्केवारी आणि नावारूपाला आलेले माजी विद्यार्थी यांविषयी लिहावे, असा प्रघात आहे. ते काम या अंकात माझ्या सहकाऱ्यांनी केलेच असेल. मी मात्र शाळेच्या जुन्या गाडीतील ध्वनियंत्रणेत शिरलेल्या एका शिट्टीविषयी लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्या शिट्टीपायी आठवीतील एका मुलावर आळ आला होता, आणि तो आळ ज्या रीतीने दूर झाला ती रीत माझ्या मते जपून ठेवण्याजोगी आहे. शिवाय आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात गाडी आहे, जयंती मंडळांकडे स्वतःचे ध्वनिवर्धक आहेत. त्यांना यातील काही भाग प्रत्यक्ष उपयोगीही पडेल.

गोष्ट २००८ सालच्या मार्च महिन्यातील आहे. तेव्हा शाळेकडे डिझेलवर चालणारी एक जुनी गाडी होती. पुढे डॅशबोर्डमध्ये सीडी वाजविणारा कारटेप, मागच्या बाकाखाली बारा व्होल्टवर चालणारा अँप्लिफायर आणि टपावर दोन कर्णे, अशी तिची मांडणी होती. प्रवेशाच्या दिवसांत हीच गाडी वाड्यावस्त्यांवर फिरे आणि वसतिगृहात मुले पाठवा म्हणून पालकांना साद घाली. त्या वर्षी २१ मार्चला आम्ही मुलांना घेऊन माणगावला जाणार होतो. हातकणंगले तालुक्यातील या गावी २१ व २२ मार्च १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती आणि राजर्षी शाहू महाराज तिला उपस्थित राहिले होते. त्या परिषदेची माहिती नववीच्या मुलींनी स्वतः लिहून, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली होती. वाटेवरच्या गावांतून ती कर्ण्यावरून ऐकवीत जायचे ठरले होते.

निघण्याच्या चार दिवस आधी, सोमवारी, तालीम म्हणून सीडी लावली आणि इंजिन सुरू केले. मुलींच्या आवाजामागे एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी ऐकू येऊ लागली. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढे, सोडला की उतरे. कर्ण्यातून ती इतकी मोठी होई की शब्द कळेनासे होत.

आदल्याच दिवशी, रविवारी, वसतिगृहातील मुलांनी गाडी आतूनबाहेरून धुतली होती. मागची बाजू साफ करण्याचे काम आठवीतल्या एका मुलाकडे होते. पोराने पाणी ओतले असेल, वायरी ओढल्या असतील, असे कोणीतरी म्हणाले आणि पाहता पाहता ते सर्वांचेच मत झाले. एका दुकानदाराने गाडीत डोकावून टेप आणि अँप्लिफायर दोन्ही बदलावे लागतील, १८,००० रुपये होतील, असे सांगितले. त्यावर, त्यातले काही पैसे मुलाच्या घरून भरून घ्यावेत, अशीही सूचना पुढे आली. मुलाची आई वीटभट्टीवर कामाला होती. मुलगा काहीच बोलत नव्हता. आधी संशय आपल्यावर येतो, हे ज्या मुलांना लहानपणीच कळलेले असते, त्यांचे ते गप्प राहणे मला ओळखीचे आहे.

मी इतिहासाची शिक्षिका. विजेतले मला फारसे कळत नव्हते. पण एक घटना दुसरीच्या नंतर घडली म्हणून ती दुसरीमुळे घडली असे ठरत नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवीत आले होते. म्हणून मी प्रथम गाडीचे लॉगबुक मागवले. त्यात गुरुवारची नोंद होती : पत्रा व रंगकामाहून गाडी परत. मागच्या बाजूचा तळ गंजला होता, म्हणून गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये होती. शनिवारची नोंद गगनबावड्याच्या फेरीची होती. रविवारी गाडी धुतली गेली, त्याची नोंद असण्याचे कारण नव्हते.

मग मी वाहनचालक मामांना बाजूला बोलावून विचारले, “मामा, शनिवारी टेप लावला होता का?” ते जरा घुटमळले. शाळेच्या कामाच्या फेरीत गाणी लावू नयेत, असा नियम होता. शेवटी म्हणाले, “लावला हुता, बाई. शिट्टी तवाबी हुतीच की. मला वाटलं, घाटातल्या पावसाळी हवेनं काहीतरी झालं आसंल.”

साधनांची चिकित्सा शिकवताना आपण एक गोष्ट सांगतो. साक्षीदार जेव्हा स्वतःच्या सोयीविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याच्या साक्षीचे वजन वाढते. मामांनी नियम मोडल्याचे कबूल करून ही साक्ष दिली होती. मुलाचा हात गाडीला लागण्यापूर्वीच शिट्टी होती, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पण कोण दोषी नाही हे कळले, तरी दोष कोठे आहे ते कळले नव्हते. आणि ते कळल्याखेरीज कुजबुज थांबणार नव्हती.

मंगळवारी सायंकाळी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. आयटीआय करून तो शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या विजेची कामे करीत असे. आल्याबरोबर त्याने पाना हाती घेतला नाही. तो म्हणाला, “बाई, आधी आवाज ऐकू या. आवाजच सांगतो तो कोठून आला ते.” आणि मल्टिमीटर त्याने त्या आठवीतल्या मुलाच्या हातात दिला.

आवाज ऐकण्याचे त्याचे शास्त्र मराठीत सहज मांडता येते, कारण आपल्या भाषेत आवाजांना पुष्कळ नावे आहेत. इंजिनाच्या गतीबरोबर टकटक होत असेल आणि गाडी पेट्रोलची असेल, तर ती बहुधा स्पार्क प्लगच्या ठिणगीची. वायपर किंवा पंखा लावताच घरघर सुरू झाली, तर ती त्या मोटारीची. खड्ड्यात गाडी आदळली की खरखर होत असेल, तर एखादा जोड सैल आहे. आणि इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी असेल, तर तिचा उगम अल्टरनेटरमध्ये, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्रात. आमची गाडी डिझेलची. डिझेलच्या इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते, तेथे ठिणगीच नसते. म्हणजे ऐकण्यानेच अर्धे संशयित बाद झाले.

या ठिणगीचा इतिहास मला पुढे वाचताना फार उद्बोधक वाटला. १८८०च्या दशकाच्या अखेरीस हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या, त्या ठिणगीनेच. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखविली. मार्कोनीचे आरंभीचे बिनतारी संदेशही ठिणगीनेच जात. म्हणजे प्रारंभी ठिणगी हाच संदेश होता. पुढे १९३०मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने मोटारीत बसणारा रेडिओ ‘मोटोरोला’ या नावाने बाजारात आणला, तेव्हा हीच ठिणगी सर्वांत मोठा अडथळा ठरली. इंजिन सुरू होताच रेडिओ कडकडू लागे. प्लगच्या वायरीत रोधक आणि जनित्राला कपॅसिटर जोडून तो आवाज दाबावा लागे. १९३४ साली अशा व्यत्ययांची मोजमापे ठरविण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समितीच स्थापन झाली. आकाशवाणीचे सांगली केंद्र मध्यम लहरींवर ऐकताना जवळून एखादी मोटारसायकल गेली की होणारी कटकट आपल्या पिढीने ऐकली आहे. ती याच ठिणगीची. मध्यम लहरींत आवाज लहरीच्या उंचीवर स्वार झालेला असतो आणि ठिणगी नेमकी उंचीच बिघडवते. एफएममध्ये तो लहरींच्या वारंवारतेवर स्वार असतो, म्हणून तेथे ही कटकट फारशी जाणवत नाही. एका काळातील संदेश दुसऱ्या काळात गोंगाट ठरतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

अल्टरनेटरची शिट्टी कशी निर्माण होते, तेही त्याने मुलांना फळ्यावर समजावून दिले. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो. त्यातील सहा डायोड ती एकाच दिशेने वळवितात. पण ती वीज पूर्ण सपाट होत नाही, तिच्यावर बारीक तरंग राहतात. समजा इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत आहे आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या दुप्पट, ३००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. त्यात चुंबकाच्या ध्रुवांच्या सहा जोड्या असतील तर ५० गुणिले ६ म्हणजे ३००. आणि तीन फेजची वीज सरळ केल्यावर त्याच्या सहापट, सेकंदाला १८०० तरंग. हा सूर माणसाच्या कानाला फार स्पष्ट ऐकू येतो. इंजिनाची गती वाढली की सूर चढतो. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलेसुद्धा त्या दिवशी वहीत गुणाकार करीत होती.

परंतु तरंग प्रत्येक गाडीत असतात आणि शिट्टी प्रत्येक गाडीत नसते. तेव्हा तरंग आवाजाच्या वाटेत शिरतात कोठून, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी त्याने एक नियम घातला : एका वेळी एकच बदल करायचा, त्याचा परिणाम वहीत लिहायचा, मगच दुसरा बदल. वहीत लिहिण्याचे कामही त्या मुलाकडेच होते.

पहिली चाचणी, इंजिन बंद ठेवून टेप लावला. आवाज स्वच्छ. म्हणजे सीडी आणि कर्णे निर्दोष. दुसरी, इंजिन सुरू करून टेपचा आवाज शून्यावर आणला. गाणे थांबले, शिट्टी तेवढीच राहिली. म्हणजे शिट्टी टेपच्या आवाजाच्या बटणानंतर कोठेतरी शिरत होती. तिसरी, टेपकडून अँप्लिफायरकडे जाणारी संकेताची वायर अँप्लिफायरच्या टोकाला काढली. शिट्टी बंद. म्हणजे अँप्लिफायर स्वतः शिट्टी वाजवीत नव्हता. चौथी चाचणी मला फार आवडली. एका मुलीजवळ स्वतःच्या सेलवर चालणारा छोटा वॉकमन होता. गाडीच्या विजेशी त्याचा काहीच संबंध नव्हता. तो टेपच्या जागी अँप्लिफायरला जोडला, इंजिन सुरूच ठेवले. आवाज स्वच्छ! म्हणजे टेप एकटा निर्दोष, अँप्लिफायर एकटा निर्दोष. दोघे गाडीच्या विजेवर राहून एकमेकांना जोडले गेले की शिट्टी सुरू. १८,००० रुपयांना बदलायच्या दोन्ही वस्तू धडधाकट होत्या.

तेव्हा तो म्हणाला, “आता दोघांचं शून्य तपासू या.” हे वाक्य मुलांना कळले नाही, मलाही नाही. त्याचा अर्थ असा. गाडीत विजेची जाणारी वाट वायरीतून असते. परतीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीच्या पत्र्यातूनच असते. त्याला बॉडी अर्थ म्हणतात. प्रत्येक यंत्र आपला व्होल्ट त्या पत्र्यापासून मोजते. पत्रा हे त्याचे शून्य. टेपचे शून्य पुढे डॅशबोर्डमागे होते, अँप्लिफायरचे मागे बाकाखालच्या बोल्टवर. दोन्ही शून्ये खरोखर सारखी असतील तर काहीच बिघडत नाही. पण एका ठिकाणचा जोड वाईट असेल, तर त्याचे शून्य वर उचलले जाते, आणि दोन शून्यांमधील फरक संकेताच्या वायरीच्या जाळीतून वाहू लागतो. अल्टरनेटरचे तरंग त्या वाटेने थेट आवाजात उतरतात.

मुलाने मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे, लांब वायर जोडून, अँप्लिफायरच्या अर्थच्या बोल्टला लावले. इंजिन, दिवे आणि अँप्लिफायर सुरू. येथे ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसावयास हवे होते. दिसले ०.६ व्होल्ट. अँप्लिफायर १० अँपिअर वीज ओढत असेल, तर ओहमच्या नियमाने जोडात केवळ ०.०६ ओहमचा अडथळा पुरतो. टेपकडून येणारा संकेतच जेथे एखाद्या व्होल्टच्या आसपास, तेथे ०.६ ही लहान रक्कम नव्हे.

बोल्ट खोलला. खाली चकचकीत नवा रंग होता. गॅरेजमध्ये तळाला रंग देताना अर्थची जागाही रंगली होती आणि त्या रंगावरच बोल्ट आवळला गेला होता. रंग विजेला अडवतो. बोल्टच्या आट्यांतून जेवढा स्पर्श उरला होता, तेवढ्यावर सारे चालले होते. मुलाने काचपेपरने रुपयाएवढी जागा घासून पांढरा पत्रा उघडा केला, दातेरी वायसर घालून बोल्ट घट्ट केला, आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेली लावली. मीटरवर ०.०३ आले. इंजिन सुरू केले. मुलींचा आवाज आला, आणि त्यामागे अगदी पुसट शिट्टी.

ती पुसट शिट्टीही त्याने सोडली नाही. अँप्लिफायरची जाड विजेची वायर आणि संकेताची बारीक वायर एकाच बाजूने, एकत्र बांधून नेलेल्या होत्या. त्याने विजेची वायर डावीकडे ठेवली, संकेताची उजवीकडून नेली. जेथे एकमेकींना ओलांडणे भाग होते तेथे काटकोनात ओलांडू दिली. त्यानंतर कान लावूनही काही ऐकू आले नाही. एकूण खर्च वायसर, काचपेपर आणि थोडी वायर मिळून ४० रुपये.

मुलाच्या अक्षरातील तो कागद मी लॉगबुकात चिकटवला. त्यावर मत कोणाचेच नाही. आहे ती फक्त चाचणी, परिणाम आणि आकडा. बुधवारी सकाळी प्रार्थनेनंतर तो सर्वांसमोर वाचला गेला, आणि वाचला त्या मुलानेच. ज्यांनी पैसे भरून घेण्याची सूचना केली होती, त्यांनीच उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढे पुरेसे होते. त्याहून अधिक कोणी काही बोलावे असे मला वाटले नाही. २१ मार्चला माणगावच्या वाटेवर मुलींचे शब्द न् शब्द ऐकू गेले. वाटेत काही घरांतून बायाबापड्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आता वाचकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी. गाडीत आवाज येऊ लागला तर प्रथम नवीन काय झाले ते आठवा : रंगकाम, नवी बॅटरी, नवा चार्जर. स्वस्त मोबाइल चार्जर आणि काही एलईडी दिवे हेही आज गोंगाटाचे मोठे कारण आहेत. एकेक उपसून पाहा. इंजिन बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ आणि सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. इंजिन सुरू ठेवून मीटर एसीवर लावला असता बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याचा संभव आहे. तेथे अर्थ घासून भागणार नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये; त्याने अल्टरनेटर आणि इतर यंत्रे जळू शकतात. बाजारात आवाज गाळणारे फिल्टर मिळतात. त्यांचा उपयोग आहे, पण कारण न शोधता लावलेला फिल्टर दुखणे झाकतो.

आणि जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक कळकळीची विनंती. मंडपात घरगुती विजेवर ध्वनिवर्धक लावताना जो जाड गुणगुणाट येतो, तोही पुष्कळदा दोन शून्यांच्या फरकाचाच असतो. तो घालविण्यासाठी काही जण तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन काढून टाकतात. आवाज जातो, पण यंत्राच्या पेटीत वीज उतरली तर ती जाण्याची वाटही गेलेली असते, आणि माइक हाती धरणाऱ्याच्या शरीरातून ती जाते. गाडीतील १२ व्होल्ट आणि मंडपातील २३० व्होल्ट यांत जीवनमरणाचे अंतर आहे. सर्व यंत्रे एकाच अर्थ असलेल्या बोर्डावरून चालवा, संकेताच्या वाटेत विलगक ट्रान्सफॉर्मर लावा. पण अर्थ तोडू नका.

तो आठवीतला मुलगा पुढे आयटीआयला गेला आणि आज स्वतःच्या हिमतीवर वायरमनचे काम करतो. सुटीच्या दिवसांत कधी आला, तर वसतिगृहाचे स्विचबोर्ड न सांगता तपासून जातो. त्याच्यासारखे हाताला कसब असलेले अनेक माजी विद्यार्थी आज कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली परिसरात आहेत. शाळेच्या वतीने माझी त्यांना विनंती आहे की, वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. देणगी नको, भाषणही नको. मुलांच्या हातात मीटर द्यावा, एकेक वायर काढून दाखवावी, आणि जे दिसले ते त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यावे. मल्टिमीटर शाळेने दोन घेऊन ठेवले आहेत. येताना जुना बिघडलेला एखादा टेप किंवा रेडिओ मात्र जरूर घेऊन यावा.

जय भीम.